घरच्या घरी मोठा स्टोरेज सर्व्हर कसा उभारावा: सांगलीतील नवख्यांसाठी

घरात दिवसरात्र चालू राहणारा, दहा-वीस टीबी माहिती सांभाळणारा आणि घरातील प्रत्येक मोबाईल व लॅपटॉपला वायफायवरून वापरता येणारा संगणक म्हणजे घरचा स्टोरेज सर्व्हर. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजने अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि त्यानंतर अशा यंत्राची चौकशी करणाऱ्यांत संगणकाचा व्यवसाय नसलेले लोकही दिसू लागले. हा लेख त्यांच्यासाठी आहे. स्क्रू-ड्रायव्हर धरता येतो आणि सूचना वाचून विंडोज टाकता येते, एवढी तयारी पुरेशी आहे.

येथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. सर्वसाधारणपणे अशा लेखांची सुरुवात प्रोसेसर आणि मदरबोर्डपासून होते. सांगलीत मात्र यंत्र घरात कुठे राहणार, त्याला वीज कशी मिळणार आणि माहितीची दुसरी प्रत कोणत्या गावी असणार, या तीन प्रश्नांची उत्तरे खरेदीच्या आधी मिळवावीत. ती मिळाली नसतील तर कितीही महागड्या डिस्क घेतल्या तरी उपयोग मर्यादितच राहतो.

जागेचा हिशेब

प्रथम आपल्याकडे आज किती माहिती आहे आणि वर्षाला किती वाढते, हे कागदावर मांडावे. चित्रीकरणाचा व्यवसाय असेल तर हिशेब सरळ आहे. फोर-के चित्रीकरण १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने होत असेल, तर एका कॅमेऱ्याचे एका तासाचे चित्रीकरण ४५ जीबी होते; तीन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले तर एका लग्नाचे ८१० जीबी झाले. याउलट मिरजेतील मैफलींचे ध्वनिमुद्रण जपणाऱ्याला ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या उत्तम दर्जातही तासाला सुमारे २ जीबीच लागतात. पहिल्याला सहा-आठ डिस्कचे यंत्र लागेल, दुसऱ्याचे दोन डिस्कमध्ये अनेक वर्षे भागेल. जो आकडा येईल त्यात पुढील तीन वर्षांची वाढ मिळवावी आणि साठा ऐंशी टक्क्यांहून जास्त भरू द्यायचा नाही, असे धरून चालावे.

डिस्कवर छापलेला आकडा आणि संगणक दाखवतो तो आकडा यांत फरक पडतो, त्याने गोंधळून जाऊ नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे ८ टीबीची डिस्क ७.२७ दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते.

यंत्र कुठे ठेवावे

कृष्णेच्या महापुराने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीत पाणी आणले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. गावभाग, सांगलीवाडी, मारुती चौक, टिळक चौक या भागांत राहणाऱ्यांनी तळमजल्यावर सर्व्हर ठेवण्याचा विचारच करू नये. उंच टेबलावर किंवा कपाटावर ठेवणे हा तोडगा नव्हे, कारण पाणी शिरलेल्या तळमजल्यात ते किती चढेल हे टेबलाच्या उंचीवर ठरत नाही.

मग थेट वरचा मजला निवडावा, तर तेथे उन्हाळा आडवा येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि स्लॅबखालची खोली रात्रीही तापलेली राहते. हार्ड डिस्कचे तापमान ४५ अंशांच्या आत राहावे हे उत्तम. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० ते ६५ अंश असली तरी त्या मर्यादेजवळ रोज राहणे त्यांच्या आयुष्याला मानवत नाही. म्हणून पहिल्या मजल्यावरील, पश्चिमेचे ऊन न लागणारी आतली खोली सर्वांत चांगली. घर एकमजली असेल तर यंत्र असे ठेवावे, की पाण्याचा इशारा मिळताच दोन वायरी काढून ते उचलून नेता येईल. अशा घरात सहा डिस्कचे जड कॅबिनेट घेण्यापेक्षा दोन मोठ्या क्षमतेच्या डिस्कचे लहान यंत्र शहाणपणाचे ठरते.

जिन्याखालची बंद जागा, देवघराशेजारचा कोनाडा आणि स्वयंपाकघराला लागून असलेली खोली टाळावी; उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ पंख्याच्या पात्यांवर चिकट थर धरतात. गळिताच्या हंगामात शिवारात पाचट पेटवले की काळे कण उडत घरात येतात, तेव्हा पुढच्या पंख्याला जाळी असलेलेच कॅबिनेट घ्यावे आणि त्या महिन्यांत जाळी पंधरवड्याला झटकावी. यंत्र उबदार असते, म्हणून पावसाळ्यात पाली आणि मुंग्या तेथे आसरा घेतात. मागची मोकळी खाच, जिला पत्र्याची पट्टी असायला हवी, ती उघडी राहिली तर पाल आत शिरून मदरबोर्डवर शॉर्ट करू शकते. पट्टी हरवली असेल तर बारीक जाळी बसवावी.

विजेची व्यवस्था

डिस्कला लाईट जाण्यापेक्षा लाईट जाऊन-येऊन करण्याचा त्रास अधिक होतो. वळवाच्या पावसाआधी सोसाट्याचा वारा सुटला की दहा मिनिटांत चार वेळा वीज ये-जा करते आणि प्रत्येक वेळी डिस्क थांबून पुन्हा वेग घेत असते. म्हणून पहिली खरेदी विजेच्या बाजूची असावी.

त्याहीआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. ज्या सॉकेटवर सर्व्हर चालणार आहे, तेथे मीटर लावून तीन मापे घ्यायची: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन मापे जवळपास सारखी, २३० व्होल्टच्या आसपास यायला हवीत आणि तिसरे एक-दोन व्होल्टच्या घरात. तिसरे माप दहा-पंधरावर जात असेल, किंवा फेज ते अर्थ माप बरेच कमी येत असेल, तर अर्थिंग नावापुरते आहे असे समजावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तेही याच दोषामुळे. नदीकाठच्या काळ्या मातीत हा दोष उन्हाळ्यात वाढतो; माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि रोध वाढतो. खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी रीत त्यासाठीच आहे आणि मार्चपासून ती नेमाने पाळावी. अर्थिंग नसलेल्या घरात स्पाइक गार्ड लावून समाधान मानणारे अनेक जण आहेत. परंतु वाढलेला दाब जमिनीत सोडायला अर्थच नसेल, तर त्या गार्डची बरीचशी कामगिरी कागदावरच राहते.

घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह प्रकारचा आहे याची खात्री करावी. जुने स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर पंखे आणि दिवे चालवतात, पण आजच्या चांगल्या एसएमपीएसना (संगणकातील वीजपुरवठ्याच्या डब्यांना) ती लहर पचत नाही आणि सर्व्हर ऐन वेळी बंद पडतो. दुसरी गोष्ट पाठीमागच्या किंवा पुढच्या बाजूला असलेल्या बटणाची. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस आणि इको, किंवा यूपीएस आणि नॉर्मल, असे दोन पर्याय असतात. इकोवर असताना इन्व्हर्टर व्होल्टेज बरेच खाली येईपर्यंत वाट पाहतो आणि बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो; पंख्याला ते कळत नाही, संगणक मात्र रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर ठेवावे.

तरीही इन्व्हर्टर पुरेसा नाही, कारण बॅटरी संपत आल्याचे तो सर्व्हरला सांगू शकत नाही. त्यासाठी इन्व्हर्टर आणि सर्व्हर यांच्या मध्ये एक लहान लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस लावावा, ज्याला यूएसबी पोर्ट आहे. ती केबल सर्व्हरला जोडून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे मोफत साधन चालू केले, की बॅटरी ठरावीक पातळीखाली जाताच सर्व्हर सर्व फाइली नीट बंद करून स्वतःहून बंद होतो. यूपीएसची बॅटरी आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन वर्षांत थकते, तेव्हा खरेदीची तारीख बॅटरीवरच लिहून ठेवावी.

मदरबोर्डच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचे, याचा पर्याय असतो. परगावाहून सर्व्हर वापरण्याची गरज नसेल तर तो ‘बंदच राहावे’ यावर ठेवावा. ये-जा थांबली आहे, हे पाहून हाताने बटण दाबणे डिस्कच्या दृष्टीने चांगले.

विजा चमकू लागल्या की प्लग काढावा, आणि लॅन केबलही काढावी. गच्चीवरील अँटेनातून किंवा शेजारच्या इमारतीतून तांब्याची तार घरात येत असेल तर धोका त्या तारेतूनच जास्त असतो. फायबरच्या कनेक्शनमध्ये हा धोका बराच कमी असतो, कारण काच वीज वाहून नेत नाही.

खर्चाचा अंदाज असा. चार डिस्कचे साधे यंत्र सरासरी ५० वॅट घेते असे धरले, तर दिवसाला १.२, महिन्याला ३६ आणि वर्षाला ४३८ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांवर टप्पे बदलतात; घरचा वापर आज नव्वदच्या आसपास असेल तर वाढलेल्या युनिटांपैकी बरीचशी वरच्या दराने लागतील, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

यंत्राचे बाकीचे भाग

फाइली देणे-घेणे हे हलके काम आहे, त्यासाठी नवा प्रोसेसर लागत नाही. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून पुढचा कोणताही जुना डेस्कटॉप आणि ८ जीबी रॅम पुरते. झेडएफएस ही अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल-व्यवस्था वापरायची असेल तर १६ जीबी घ्यावी. कार्यालयांतून निघालेले नामांकित कंपन्यांचे डेस्कटॉप स्वस्त मिळतात, परंतु त्यांच्या कॅबिनेटमध्ये डिस्कसाठी एक-दोनच कप्पे असतात आणि अनेकांच्या एसएमपीएसचे कनेक्टर त्या कंपनीचेच असतात, त्यामुळे पुढे मोठा एसएमपीएस बसवता येत नाही. साधा एटीएक्स मदरबोर्ड आणि सहा-आठ डिस्क मावणारे जुन्या धाटणीचे उंच कॅबिनेट शोधावे. ज्यांना यातले काहीच करायचे नाही त्यांनी सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचे तयार यंत्र घेण्यात कमीपणा नाही. पैसे अधिक जातात, वेळ वाचतो.

मदरबोर्डवर डिस्क जोडण्यासाठी साटाचे चार ते सहा पोर्ट असतात. एम.२ खाचेत एसएसडी लावल्यावर काही बोर्डांत त्यांतील एखादा पोर्ट बंद होतो, म्हणून माहितीपुस्तिका आधी पाहावी. त्याहून अधिक डिस्क हव्या असतील तर एलएसआयचे ९२०७-८आय यासारखे कार्ड, ‘आयटी मोड’मध्ये (डिस्क जशाच्या तशा सर्व्हरला दाखवणाऱ्या स्थितीत) असलेले, घ्यावे, त्यावर दोन केबलांनी आठ डिस्क लागतात. हे कार्ड सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेले असल्याने घरच्या कॅबिनेटमध्ये त्याच्या दिशेने एक पंखा हवाच. एकाच पोर्टमधून पाच डिस्क काढून देणारी स्वस्त मल्टिप्लायर कार्डे घेऊ नयेत. यूएसबीवर टांगलेल्या डिस्कचाही साठा करू नये, कारण जोडणी क्षणभर सुटली तरी सर्व्हर ती डिस्क गेली असे समजतो.

एसएमपीएसवर काटकसर नको. डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. आठ डिस्क एकाच वेळी सुरू झाल्या तर त्या क्षणी १९२ वॅट एवढ्यासाठीच लागतात. शिवाय साटाच्या वीजजोडण्या कमी पडल्या म्हणून मोलेक्सवरून साटा करणारे, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले अॅडॉप्टर सर्रास विकले जातात. त्यांच्या आत तारा एकमेकींना लागून पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते, तोच प्रकार घ्यावा.

हार्ड डिस्क: निवड आणि कसोटी

डिस्क घेताना पहिला प्रश्न क्षमतेचा नसून लेखनपद्धतीचा असावा. सीएमआर डिस्कवर माहितीचे पट्टे शेजारी शेजारी असतात. एसएमआर डिस्कवर ते मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे जागा वाचते, पण मधला पट्टा बदलायचा झाला की पुढचेही उचलून पुन्हा बसवावे लागतात. रोजच्या लहान कामात हे जाणवत नाही. एक डिस्क बिघडून तिच्या जागी नवी भरायची वेळ येते, तेव्हा तासन्‌तास सलग लिहिताना एसएमआर डिस्क इतकी मंदावते, की काही वेळा सर्व्हर तिला बाद ठरवतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या ‘रेड’ (Red, लाल) मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे मान्य केले आणि त्यानंतर सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या काढल्या. दुकानात ‘नासवाली’ (नास म्हणजे नेटवर्कवरील स्टोरेज) एवढे सांगून भागत नाही. पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि कंपनीच्या तक्त्यात पाहावा.

आपल्या भागात मोठ्या डिस्क तत्काळ मिळण्याचे ठिकाण बहुधा सीसीटीव्हीवाल्यांचे दुकान असते. पर्पल किंवा स्कायहॉक या पाळत-कॅमेऱ्यांसाठीच्या डिस्क दिवसरात्र चालण्यासाठी केलेल्या असतात आणि सीएमआर मॉडेल असेल तर घरच्या सर्व्हरमध्ये त्या चांगल्या चालतात. जुन्या डीव्हीआरमधून काढलेली डिस्क मात्र स्वस्त म्हणून घेऊ नये. वर्षाचे तास ८,७६० होतात. चार वर्षे अखंड चाललेल्या डिस्कने पस्तीस हजार तास पार केलेले असतात.

सर्व डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेणेही टाळावे. उत्पादनाच्या एकाच खेपेतल्या डिस्कमध्ये सारखाच दोष असू शकतो आणि त्या लागोपाठ जाऊ शकतात. निम्म्या एका दुकानातून, निम्म्या दुसरीकडून घ्याव्यात. पावतीवर प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक लिहून मागावा आणि घरी येताच तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातील वॉरंटी दिसते का, हे पाहावे.

त्यानंतर कसोटी. ही पायरी बहुतेक नवखे गाळतात आणि माझ्या मते संपूर्ण कामात हीच सर्वांत मोलाची आहे, कारण डिस्क बिघडायची असेल तर सुरुवातीच्या दिवसांत बिघडण्याची शक्यता बरीच असते आणि तेव्हा ती परत करता येते. लिनक्सवर ‘स्मार्टमॉनटूल्स’ टाकून आधी डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, वाचावी; चालू तास शून्याच्या आसपास असले पाहिजेत. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क तासांची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्याचे उघडकीस आले होते. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची दुसरी नोंद असते आणि खरे तास तेथे सापडले. दोन्ही आकडे जुळतात का, ते पाहावे.

मग लांब स्मार्ट चाचणी लावावी, जिला ८ टीबीच्या डिस्कवर साधारण पंधरा तास लागतात. ती पार पडली की ‘बॅडब्लॉक्स’ची लेखन-चाचणी. ती संपूर्ण डिस्कवर चार निरनिराळे नमुने लिहून पुन्हा वाचते, म्हणजे डिस्क आठ वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरते. ८ टीबीला जवळपास पाच दिवस जातात. चाचणीत डिस्कवरचे सर्व पुसले जाते, म्हणून ती फक्त कोऱ्या डिस्कवर आणि नाव दोनदा तपासूनच लावावी. परत करण्याची मुदत संपण्याआधी चाचणी संपेल, अशा बेताने खरेदीचा दिवस निवडावा. शेवटी स्मार्ट नोंद पुन्हा वाचून क्रमांक ५, १९७ आणि १९८ या खराब जागांच्या ओळींतील मूळ आकडे शून्य आहेत ना, ते पाहावे. नव्या डिस्कवर एक जरी दिसला तरी ती परत द्यावी, ‘चालतंय की साहेब’ हे उत्तर ऐकून घेऊ नये.

डिस्कची मांडणी

अनेक डिस्क मिळून एक साठा करण्याची आणि त्यांतील एखादी गेली तरी काम चालू ठेवण्याची रेड (RAID) ही कल्पना १९८८ मध्ये बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. नवख्याने तिचे सगळे प्रकार पाठ करण्याची गरज नाही.

दोन डिस्क असतील तर मिरर करावा, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिले जाते. चार असतील तर झेडएफएसचा रेडझेड-२ हा रेड-प्रकार घ्यावा; ८ टीबीच्या चार डिस्कमधून १६ टीबी जागा मिळते आणि कोणत्याही दोन गेल्या तरी माहिती शाबूत राहते. एकच डिस्क गमावता येणारे रेडझेड-१ त्याच चार डिस्कमधून २४ टीबी देते, म्हणून मोह होतो. पण ८ टीबीची डिस्क १५० एमबी प्रतिसेकंद या वेगाने पुन्हा भरायलाही पंधरा तास लागतात, त्या वेळी उरलेल्या सर्व डिस्क पूर्ण ताकदीने वाचल्या जात असतात आणि त्याच वेळी दुसरी डिस्क मान टाकण्याची शक्यता असते. सहा डिस्कला रेडझेड-२ मध्ये ३२ टीबी मिळतात, आणि घरासाठी हा मला सर्वांत समतोल मेळ वाटतो.

झेडएफएसची आणखी एक जमेची बाजू अशी, की ते प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज ठेवते, त्यामुळे डिस्कने मुकाट्याने चुकीचे अक्षर परत दिले तर ते ओळखून दुरुस्त करते. साठ्यात नंतर एकेक डिस्क वाढवण्याची सोय रेडझेडला जानेवारी २०२५ मधील ओपनझेडएफएस २.३ पासून मिळाली. माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ नये यासाठीचे एन्क्रिप्शन मात्र विभाग तयार करतानाच चालू करावे लागते, नंतर तेथे करता येत नाही. ते करावे आणि किल्लीचा उतारा वहीत लिहून कागदपत्रांच्या कपाटात ठेवावा.

घरात निरनिराळ्या क्षमतेच्या जुन्या डिस्क पडून असतील आणि साठवायचे ते न बदलणारे फोटो-व्हिडिओच असतील, तर स्नॅपरेड (डिस्क गेल्यास माहिती परत मिळवून देणारे) आणि मर्जरएफएस (सर्व डिस्क एकत्र दाखवणारे) ही जोडी सोयीची. तिच्यात प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे वाचता येते.

जोडणी

डिस्क बसवताना स्क्रूकडे लक्ष द्यावे. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे, सहा-बत्तीस मापाचे स्क्रू लागतात. एसएसडीचे एम-३ स्क्रू बारीक आट्यांचे असतात. डबीत दोन्ही एकत्र असतात आणि चुकीचा स्क्रू जोर लावून फिरवला की डिस्कचे आटे कायमचे जातात. हाताने दोन फेरे सहज गेले तरच ड्रायव्हर लावावा. कप्प्यात रबरी वॉशर असतील तर ते काढू नयेत, कारण शेजारच्या डिस्कची थरथर त्यांच्यामुळे कमी पोहोचते. दोन डिस्कमध्ये एक कप्पा मोकळा सोडता आला तर उत्तम, आणि समोर किमान एक १२० मिलिमीटरचा पंखा हवा आत ओढणारा असावा.

प्रत्येक डिस्क बसवण्याआधी तिच्या अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरे कागदी पट्टीवर लिहून, कॅबिनेट उघडल्यावर दिसेल अशा कडेला चिकटवावीत. साठा तयार करतानाही डिस्क पहिली, दुसरी अशा नावाने न निवडता अनुक्रमांकाने निवडावी. पोर्टची नावे रीस्टार्टनंतर बदलू शकतात, अनुक्रमांक बदलत नाही.

प्रणाली, नावे आणि परवानग्या

सर्व्हरसाठीच्या ट्रूनास किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट या प्रणालींपैकी एक घ्यावी. दोन्ही मोफत मिळतात आणि ब्राउझरमधून चालवता येतात. झेडएफएस ठरले असेल तर ट्रूनास, स्नॅपरेड ठरले असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट. प्रणाली वेगळ्या लहान एसएसडीवर टाकावी आणि टाकताना बाकी डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात, म्हणजे चुकीची डिस्क पुसली जाण्याचा प्रश्नच येत नाही. राउटरमध्ये सर्व्हरला कायमचा पत्ता नेमून द्यावा आणि सर्व्हर लॅन केबलनेच जोडावा; गिगाबिट जोडणीवर ११० एमबी प्रतिसेकंदांच्या आसपास वेग मिळतो.

घरातील प्रत्येकाला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्यावा. जुने फोटो असलेला विभाग सर्वांना फक्त पाहता यावा, लिहिता येऊ नये. रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याच्या त्या क्षणीच्या नोंदी, लावून ठेवले तर चुकून पुसलेली किंवा व्हायरसने कुलूप लावलेली फाइल आदल्या दिवशीच्या रूपात परत मिळते.

मराठी नावांबाबत एक अडचण इंग्रजी मार्गदर्शनांत सापडत नाही. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, तीन बाइट घेते. म्हणजे नाव ८५ चिन्हांच्या आत बसले पाहिजे. विंडोजवर चालणारे ‘चिरंजीव व चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’ पासून सुरू होणारे लांबलचक नाव सर्व्हरवर उतरताना अडते ते यामुळे. शिवाय ‘कऱ्हाड’ मधला ऱ्ह दोन निरनिराळ्या पद्धतींनी टाइप होतो, दिसायला सारखा असूनही संगणक ती दोन नावे मानतो आणि एकाच गावाचे दोन फोल्डर तयार होतात. फोल्डरच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस इंग्रजी अंकांत आणि मग दोन-तीन शब्द, एवढा शिरस्ता पुरे.

फोटोंसाठी इमिच आणि चित्रपट-गाण्यांसाठी जेलीफिन ही साधने पुढे टाकता येतात. पहिला महिना फक्त फाइलींवर काढावा.

दुसरी प्रत

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेड डिस्क बिघडण्यापासून वाचवते. चोरी, आग, पूर आणि आपलाच हात यांपासून नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोह यांनी रूढ केलेला नियम आहे.

घराबाहेर म्हणजे कुठे, हे आपल्याकडे नकाशा पाहून ठरवावे लागते. कोल्हापूरचे नातेवाईक जवळचे असले तरी २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा एकाच वेळी चढल्या होत्या, दोन्ही शहरे पाण्यात होती. शेजारच्या गल्लीतील मित्राचे घर तर त्याहून निरुपयोगी. विट्याकडचा किंवा जतकडचा पठारी, दुष्काळी भाग या कामाला चांगला. पुण्या-मुंबईतील मुलांचे घरही चालेल.

पद्धत साधी ठेवावी. दोन बाहेरील डिस्क घ्याव्यात, एक घरी आणि एक त्या गावी. सणावाराला जाणे होईल तेव्हा अदलाबदल करावी, आणि मे महिन्याच्या अखेरीस ताजी प्रत तिकडे पोहोचलेली असावी. इंटरनेटवरून पाठवायचे ठरवले तर हिशेब करून पाहावा: ४० मेगाबिट अपलोड वेगाने १ टीबी जायला सुमारे ५६ तास लागतात. पहिली भरणी डिस्क नेऊन करावी, रोजची भर नेटवरून पाठवावी. प्रत एन्क्रिप्टच असावी. दर तिमाहीला तिच्यातील एक फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडलेली प्रत आहे असे धरू नये.

बाहेरगावाहून वापर

राउटरमधील पोर्ट उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर आणू नये. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप यंत्रांना कुलपे लावली, ती अशाच उघड्या दारांतून. आपल्याकडील बऱ्याच कंपन्यांच्या जोडणीत स्वतंत्र सार्वजनिक पत्ताही मिळत नाही, अनेक ग्राहकांत एकच वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट उघडण्याचा खटाटोप चालतही नाही. टेलस्केल सर्व्हरवर आणि मोबाईलवर टाकावे. ते वायरगार्ड या सुरक्षित खासगी जोडणीच्या (व्हीपीएन) तंत्रावर आधारलेले आहे आणि अशा वाटलेल्या पत्त्यातूनही मार्ग काढते.

देखभाल आणि डिस्क बदलणे

महिन्यातून एकदा स्क्रब (साठ्यातील सर्व माहिती वाचून पडताळणे) आणि लांब स्मार्ट चाचणी आपोआप लागेल असे करावे, आणि त्रुटी आली तर ईमेल येईल अशी सोय पहिल्याच आठवड्यात करून, खोटा संदेश पाठवून तपासावी. स्मार्टमधील १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा असतो, डिस्कचा नव्हे. केबल बदलून पाहावी. ५ किंवा १९७ वाढत असतील तर नवी डिस्क मागवावी. पूर-इशाऱ्याच्या दिवसांत आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांकडे जाऊ लागली, की सर्व्हर रीतसर बंद करून वायरी काढाव्यात. पुरात वीज काही दिवस बंद राहू शकते आणि परत येताना ती स्थिर असेलच असे नाही.

डिस्क गेल्याचा संदेश आला तर घाईने कॅबिनेट उघडू नये. आधी बाहेरची प्रत ताजी आहे का ते पाहावे, नसेल तर सर्वांत महत्त्वाचे फोल्डर तत्काळ उतरवून घ्यावेत. मग स्क्रीनवरचा अनुक्रमांक कागदावर लिहून, सर्व्हर बंद करून, कडेच्या पट्टीशी जुळवून तीच डिस्क काढावी. बिघडलेली ठेवून चांगली काढल्याने साठे गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. नवी डिस्क आधी कसोटीला लावायला वेळ नसतो, म्हणून एक तपासलेली डिस्क कपाटात तयार ठेवणे परवडत असेल तर ठेवावी. भरणी चालू असताना मोठ्या फाइली कॉपी करू नयेत आणि ती संपल्यावर एक स्क्रब लावावा.

जुनी डिस्क वॉरंटीत असेल तर सेवा केंद्र ती ठेवून घेते आणि दुसरी देते, म्हणजे तिच्यावरील फोटो आणि कागदपत्रे आपल्या हातातून जातात. साठा सुरुवातीपासून एन्क्रिप्ट केलेला असेल तर ती निश्चिंतपणे द्यावी. केलेला नसेल आणि डिस्क इतकी बिघडली असेल की पुसताही येत नाही, तर वॉरंटीवर पाणी सोडून, आतील तबकड्या फोडून ती ई-कचऱ्यात देणे हाच मार्ग उरतो.